कलशावरचा नारळ

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर माझ्या नवऱ्याकडे एकच शब्द शिल्लक राहिला. ‘हो.’ चहा हवा का? हो. पंखा बंद करू? हो. मग चालू ठेवू? हो. डोकं दुखतंय का, सकाळी कोण येऊन गेलं, आज वार कोणता, सगळ्याला हो. डॉक्टरांनी मला समोर बसवून नीट समजावलं होतं, की यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. हाताला लागतो तो एकच, आणि तो बरोबर असेलच असं नाही. मी मान डोलावली. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई मी, मला एवढं कळायला अवघड नव्हतं. पण कळणं वेगळं आणि त्याच्याबरोबर सकाळी सहापासून घरात वावरणं वेगळं.

दोन महिन्यांत मी एक सोयीची पद्धत शोधून काढली. त्याला विचारायचं, तो हो म्हणणार, आणि मग मला योग्य वाटेल ते करायचं. विचारल्याचं समाधानही मिळतं आणि आपल्या मनासारखंही होतं. हलकं जेवण द्या असं सांगितलं होतं म्हणून मी दुधी सुरू केला. लग्न झाल्यापासून या माणसाने दुधीला हात लावला नव्हता. ताटात दिसला तर ताट सरकवायचा. आता मी विचारलं, "दुधी करू का?" तर म्हणाला, हो. मग काय, आठवड्यातून तीनदा दुधी. मी मैत्रिणींना फोनवर सांगायचे, "आजारपणाने माणूस सुधारतो बघ." तो समोरच्या खुर्चीत बसून ऐकत असायचा.

आमचं लग्न आम्हीच जमवलेलं, त्यामुळे लोकांसमोर ‘अहो’ आणि घरात ‘अरे’. आमच्या दोघांत बोलका तोच. मी बोलते ते रागावायला. तो बोलायचा ते उगाच, आवड म्हणून. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाशीसुद्धा. आणि वर्षातून एक दिवस तर सगळ्या सोसायटीने ऐकावं असं बोलायचा. तो दिवस सव्वीस जानेवारीचा.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही. आम्ही तळमजल्यावर, हे आता नशीबच म्हणायचं. सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन होतं, मग पार्किंगमध्ये सत्यनारायणाची पूजा, आणि दुपारी चहाच्या वेळेला पूजेतल्या वस्तूंचा लिलाव. फळं, खण, आणि सगळ्यांत शेवटी कलशावरचा नारळ. तो ज्याच्या घरी जाईल त्याचं वर्ष चांगलं जातं अशी समजूत. पैसे कधी पाण्याच्या टाकीला लागतात, कधी वॉचमनच्या मुलीच्या फीला. वीस वर्षं हा लिलाव माझा नवरा पुकारत होता. त्याची एक चालच होती. "एक वाऽऽर" खालच्या सुरात, "दोन वाऽऽर" जरा चढवून, आणि मग थांबायचा. चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांकडे बघायचा. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, आणि दर वर्षी नारळ आपल्यालाच मिळावा म्हणून पहिल्या रांगेत येऊन बसणारे. "काय साहेब, नारळाला कोंब फुटेपर्यंत विचार करणार का?" असं म्हटलं की हशा पिकायचा आणि बोली वाढायची. शेवटी तो उजवा हात वर करायचा, आणि मगच सगळं कंपाउंड त्याच्याबरोबर ओरडायचं, "तीन वार!"

त्याचा एक नियम होता. लिलाव पुकारणाऱ्याच्या घरच्यांनी बोली लावायची नाही. लोक म्हणतील, भाव पाडून घरातच ठेवलं. एका वर्षी मी विसरून केळ्यांच्या फणीवर बोली लावली, तर भर सभेत त्याने मला हाताने थांबवलं. "नाही! घरची बोली नाही!" सगळे हसले. मी पुढचे दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आता मागे वळून बघते तर ते दोन दिवस फुकट घालवले असं वाटतं.

संगीतोपचाराचं केंद्र आम्हाला त्याचा व्यायाम करून घ्यायला घरी येणाऱ्या मुलीने सुचवलं. ठाकुर्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. एक पेटी, दोन खंजिऱ्या, खुळखुळ्यांचं एक टोपलं आणि कडेकडेने उसवलेली सतरंजी. केंद्र चालवणारी बाई चाळिशीची, सगळे तिला ताई म्हणतात. घोडबंदर रोडला राहते. तिकडचा रस्ता तुंबला की तिचा आवाजातला मेसेज यायचा, "मी अजून माजिवड्यालाच आहे, तोवर पाढे सुरू करा." ज्यांना परवडेल ते पैसे देतात, बाकीच्यांना कुणी विचारत नाही. मला हे सगळं थोतांड वाटलं होतं. मी तिला तोंडावर विचारलं, "गाण्याने वाचा येते?" ती म्हणाली, "येतेच असं मी कुणाला सांगत नाही, काकू. बोलण्याचा रस्ता बंद झालाय. गाण्याचा शेजारून जातो. त्या रस्त्याने चार शब्द पलीकडे नेता येतात का ते बघायचं, एवढंच."

तिने त्याचा चालता, डावा हात टेबलावर ठेवला, त्यावर आपला ठेवला आणि ठेक्यात थोपटायला लागली. आधी नुसतं गुणगुणणं. मग तिने चालीत सुरुवात केली, "बे एके बे." दुसऱ्यांदा तिने फक्त "बे" म्हटलं आणि थांबली. आणि माझा नवरा, ज्याला ‘दोन’ हा शब्द सहा महिन्यांत म्हणता आला नव्हता, तो सुरात म्हणाला, "एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा." बे दाही वीसपर्यंत गेला. मी पदर तोंडात धरून रडले. पाढे पाठ करून घेताना मी जन्मात इतक्या मुलांना रडवलं असेल, पण पाढ्यांनी मला पहिल्यांदाच रडवलं.

तिसऱ्याच दिवशी ताईने मला खोलीबाहेर काढलं. कारण साधं होतं. तो "बे सक" म्हणून अडला की मागून मी "बारा" म्हणायचे. मला राहवायचंच नाही. ताई हात जोडून म्हणाली, "काकू, तुम्ही पेपर फोडता. काका शोधत असतात आणि तुम्ही उत्तर देऊन मोकळ्या होता. इथला एकच नियम आहे, रिकामी जागा रिकामी ठेवायची." एकतीस वर्षं ‘शेजारच्याला उत्तर सांगू नका’ म्हणून पट्टी आपटणारी मी, माझीच वर्गाबाहेर रवानगी झाली.

बाहेर एक लाकडी बाक होता. तिथे माझ्याआधीच एक बाई बसलेल्या असायच्या, कल्याणजवळच्या जुन्या गावातल्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. गळ्यात ठसठशीत सोनं, मुलाची मोठी गाडी दारात, आणि आत पाच वर्षांची नात, जी कुणाशी एक अक्षर बोलत नव्हती पण खंजिरीवर ठेका बरोबर धरायची. आतून नवऱ्याचा आवाज अडला की माझे ओठ हलायला लागायचे. मावशींनी ते दोन-तीनदा पाहिलं आणि म्हणाल्या, "बाय, त्याचे बदली तूच बोलतंस. तो कधी बोलायचा?" मला राग आला. मी त्या दिवशी त्यांनी पुढे केलेला चहासुद्धा घेतला नाही.

हळूहळू काही वाक्यं आली. "पा-णी दे." प्रत्येक अक्षराला टेबलावर डाव्या हाताची एक थाप, आणि वाक्य दोनच सुरांत. बोलणं नव्हे, गाणंच ते. मला केवढा आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण एकदा त्याचा चुलतभाऊ बायकोला घेऊन भेटायला आला आणि नवऱ्याने खुर्चीच्या हातावर थाप मारून गायलं, "पा-णी दे." त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लहान मुलाचे बोबडे बोल ऐकून मोठी माणसं हसतात ना, तसं हसल्या त्या बाई. तेव्हापासून घरी कुणी आलं की मी आधीच पाण्याचा तांब्या त्याच्या हाताशी ठेवायला लागले. त्याला तहान लागू नये म्हणून नव्हे. त्याने गाऊ नये म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एकदा ताई बाहेर येऊन म्हणाली, "सध्या आम्ही ‘नाही’वर काम करतोय. फार अवघड जातंय. तोंडातून होच येतं."

"कशाला तो शब्द?" मी म्हटलं. "हो चांगलं चाललंय की आमचं."

"पण काका हो म्हणतात तेव्हा ते हो आहे हे तुम्हाला कसं कळतं?"

"बायकोला कळतं," मी म्हटलं. ताई आत वळली. तिला घाई होती, कारण त्याच आठवड्यात इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार असल्याची नोटीस आली होती. मार्चअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. दोन गल्ल्या सोडून एक जागा मिळत होती, पण तिच्या डिपॉझिटएवढे पैसे केंद्राकडे नव्हते. मार्चपर्यंत जमले नाहीत तर केंद्र बंद. ताईने हे आम्हाला सतरंजीवर बसवून सांगितलं, पेशंटांच्या समोर. नवऱ्याने टेबलावर थाप मारली, पण पुढे शब्द आला नाही.

मग मी पावतीपुस्तक घेऊन हिंडले. आमची इमारत, मागची इमारत, शाळेतल्या जुन्या बायका. तेव्हा मला एक गोष्ट समजली. औषधाला पैसे मागितले की लोक विचारतात, किती? गाण्याला मागितले की विचारतात, कशाला? एकाने मला दारातच सांगितलं, "मॅडम, ऑपरेशन असतं तर दिले असते. गाणी तर मोबाइलवर फुकट आहेत." मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. नंतर जिना उतरताना वाटलं, दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं, कदाचित याहून वाईट शब्दांत.

जानेवारीत आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी घरी आला. तरुण आहे, आयटीत काम करतो, बारा महिने फोनवर असतो, पण मनाने चांगला. "काकू, कमिटीने ठरवलंय, या वेळचे लिलावाचे पैसे काकांच्या सेंटरला द्यायचे." मला भरून आलं. पण त्याचं पुढे होतंच. "फक्त प्रॉब्लेम असा आहे, काकांनी सोडल्यापासून लिलावाला मजा नाय राहिली. मागच्या वेळी मी पुकारलेलो, नारळ पाच मिनिटांत गेला. म्हणून मी बोललो, लिलावाच्या आधी काका दोन मिनिटं गातील का? लोकांना दिसलं ना, की खिसे मोकळे होतात."

"नाही," मी म्हटलं. "त्यांना ते आवडणार नाही."

सेक्रेटरी सरळ मनाचा माणूस. त्याने खुर्ची नवऱ्याकडे वळवली. "काका, चालेल ना तुम्हाला?"

"हो," नवरा म्हणाला.

"त्यांच्या होला काही अर्थ नसतो," मी म्हटलं. "ते सगळ्यालाच हो म्हणतात."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग काठी घेतली, भिंतीला धरत आतल्या खोलीत गेला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपला. दुपारचे बारा वाजले होते. जेवायलाही उठला नाही. मी दारात उभी राहून दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" त्या दिवशी त्याने हो सुद्धा म्हटलं नाही.

माझं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला आजही वाटत नाही. ठाण्याच्या एका सभागृहात मी एकदा एका संस्थेच्या कार्यक्रमाला गेले होते. तिथे एका मुलीला कानाच्या यंत्रासकट मंचावर उभं करून ते यंत्र देणाऱ्यांनी फोटो काढले होते. ती मुलगी सगळा वेळ आपल्या चपलांकडे बघत होती. दान मागायला आजारी माणसाची दयनीय अवस्था दाखवावी लागते, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण माझ्या ‘नाही’त हे एकच कारण नव्हतं. मला चुलतभावाच्या बायकोचं हसणं आठवत होतं. मला वीस वर्षांचा तो खणखणीत आवाज लोकांच्या मनात तसाच राहायला हवा होता. त्याची लाज राखतेय असं मी स्वतःला सांगत होते. राखत होते माझी.

सव्वीस जानेवारीला दुपारी चारनंतर पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. नवरा पहिल्या रांगेत, शेजारी मी. ताई घोडबंदरहून वेळेवर पोचली, हाच पहिला चमत्कार. मावशी नातीला घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणे माझ्या बाजूला बसल्या. सेक्रेटरीने माइकवर केंद्राची माहिती सांगितली, चांगली सांगितली. पण लिलाव काही रंगेना. सफरचंदं गेली, खण गेला. लोक मोबाइलमध्ये बघत बोली लावत होते. नारळ आला तेव्हा बँकवाल्यांनी सवयीने बोली लावली आणि दुसरं कुणी तोंड उघडेना. सेक्रेटरी भराभर म्हणाला, "एक वार, दोन वार..."

नवरा उठला. मला कळायच्या आत उठला. काठी टेकत चौरंगाशेजारच्या टेबलापर्यंत गेला, काठी सेक्रेटरीच्या हातात दिली आणि कमरेने टेबलाला टेकून उभा राहिला. सेक्रेटरीने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशींनी माझं मनगट धरलं. "बस बाय," एवढंच म्हणाल्या. मी बसले.

डाव्या हाताची थाप टेबलावर पडली. "ए-क वा-र." सूर तोच. आवाज अर्धा झालेला, एका बाजूने घसरणारा, पण चाल तीच, खालून उचललेली. लोकांचे मोबाइल खाली गेले. वरच्या बाल्कनीतून कुणीतरी "काका!" म्हणालं. "दो-न वा-र." आणि तो अडला. ओठ हलत होते, हात थापेसाठी वर गेला होता, शब्द येत नव्हता.

आणि आमच्या लोकांनी जे करायचं तेच केलं. वीस वर्षांची सवय, वर पोटात दाटून आलेली माया. सगळं कंपाउंड एकदम ओरडलं, "तीन वार!" टाळ्या सुरू झाल्या. बायका डोळे पुसायला लागल्या, कुणी व्हिडिओ काढायला लागलं, बँकवाले नारळ घ्यायला उठलेसुद्धा. नवरा मान हलवत होता, टेबलावर तळहात आपटत होता, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू जात नव्हतं. मला त्याचा चेहरा दिसत होता. वर्गात एखादं पोर फळ्यासमोर खडू घेऊन उभं असतं, उत्तर जवळजवळ आलेलं असतं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ते ओरडून सांगतं. तेव्हा त्या पोराचा जो चेहरा होतो तो होता. मी तो एकतीस वर्षं पाहिलेला आहे. घरातही दोन वर्षं तोच बघत होते, फक्त ओळखला नव्हता.

मी उभी राहिले. "गप्प बसा!" माइकची मला गरज कधीच नव्हती. "अजिबात कुणी उत्तर सांगायचं नाही! त्यांचं त्यांना म्हणू द्या!"

बँकवाले अर्धवट उठलेले तसेच बसले. नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. थाप. "ए-क वा-र. दो-न वा-र." आणि थांबला.

कावळा ओरडला तोही मोठ्याने ओरडल्यासारखा वाटला. ही शांतता पहिल्यांदा असह्य झाली ती बँकवाल्यांना. ते म्हणाले, "पाचशे वाढवा."

"साहेब, आत्ताची बोली पण तुमचीच आहे," सेक्रेटरी हळूच म्हणाला.

"असू दे! वाढव म्हणतो ना!"

लोक हसले. त्या हसण्याने गाठ सुटली. नवऱ्याने पुन्हा थाप मारली, पुन्हा एक, पुन्हा दोन, पुन्हा थांबला. तिसरा वार होत नाही तोवर लिलाव संपत नाही, आणि तिसरा वार तर येत नव्हता. माझ्या शेजारून मावशी म्हणाल्या, "माझे हजार जास्ती." बँकवाले वळून बघायला लागले, ही कोण नवी. मागच्या इमारतीतला एक जण बोलीत उतरला, मग आमचा इस्त्रीवाला, मग पुन्हा बँकवाले, पुन्हा मावशी. दर वेळी एक, दर वेळी दोन, आणि ती रिकामी जागा. बोली आमच्या सोसायटीने कधी ऐकली नव्हती तिथे जाऊन पोचली. तिकडे नवऱ्याने डाव्या हाताने चष्मा काढून टेबलावर ठेवला. घाम आला म्हणून की जुन्या खोडीने, मला कळेना. शब्द खरंच येत नव्हता की हा बेटा मुद्दाम आणत नव्हता? मी एवढी बायकोला-कळतं म्हणणारी, मला अजिबात कळलं नाही.

शेवटची बोली मावशींची झाली. पुन्हा दोन वार झाले. या वेळी तो फारच लांब थांबला. त्याचा उजवा पाय थरथरताना मला दिसला. पडेल, आता पडेल, सगळ्यांसमोर पडेल, असं मनात यायला लागलं आणि माझा धीर सुटला. हे कसंही करून संपवायचं म्हणून मी ओरडले, "माझे दोन हजार जास्त! द्या मला तो नारळ!"

नवरा माझ्याकडे वळला. हात वर गेला. दोन थापा पडल्या.

"ना-ही."

स्वच्छ. पहिला सूर वर, दुसरा खाली. हो म्हणण्याच्या प्रयत्नातून चुकून आलेला नव्हे, माझ्या डोळ्यांत बघून मला दिलेला. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, आमच्या दाराकडे दाखवलं, आणि पुन्हा म्हणाला, "ना-ही." जुन्या माणसांना लगेच कळलं. मागून कुणीतरी ओरडलं, "घरची बोली नाही!" आणि हशा उसळला. ताई तोंडावर हात धरून उभी होती. नवरा मावशींकडे वळला, तीन म्हटलंच नाही, फक्त डावा हात वर केला. पूर्वी उजवा करायचा तसा. आणि तेव्हा, त्याने परवानगी दिल्यावर, सगळं कंपाउंड त्याच्याबरोबर ओरडलं.

भर सभेत दुसऱ्यांदा त्याने माझी बोली नाकारली. या वेळी मी दोन दिवस अबोला धरला नाही. खुर्चीत बसून मोठ्याने रडले, आणि मावशी एका हातात नारळ धरून दुसऱ्या हाताने माझी पाठ थोपटत होत्या.

एका नारळात डिपॉझिट होत नाही. पण त्या व्हिडिओमुळे आणखी तीन सोसायट्यांनी आपापल्या पूजेचे लिलाव केंद्राला दिले. त्यांतले दोन नवऱ्याने पुकारले, विचारून, हो आणि नाही दोन्ही हाताशी असताना. मार्च संपायच्या चार दिवस आधी सतरंजी, पेटी आणि खुळखुळ्यांचं टोपलं टेम्पोत घालून नव्या जागेत नेलं. बाहेर बाक ठेवायला जागा नाही, म्हणून मी आणि मावशी आता पायरीवर बसतो.

पण माझ्यासाठी ती सव्वीस जानेवारी लिलावापाशी संपली नाही. घरी आलो, त्याला हातपाय धुवायला मदत केली, पानं घेतली. सकाळीच करून ठेवलेली भाजी गरम केली. पळी बुडवली आणि सवयीने विचारलं, "दुधी वाढू ना?" विचारता विचारताच हात ताटाकडे निघाला होता. तो मी थांबवला. पळी हातात धरून उभी राहिले. भाजीचा रस पळीतून थेंब थेंब पातेल्यात पडत होता. टेबलावर दोन थापा पडल्या.

"ना-ही."

मी गणिताची बाई. आठवड्यातून तीनदा, दोन वर्षं. गुणाकार मनात आपोआप झाला. तीनशे वेळा मी त्याला विचारलं होतं आणि तीनशे वेळा त्याचं खरं उत्तर येण्याआधी वाढून मोकळी झाले होते. तो बिचारा घास घास करून खात राहिला होता, आणि मी फोनवर सांगत होते की माणूस सुधारला.

मी पातेलं झाकून बाजूला ठेवलं. "बरं," मी म्हटलं, "मग काय करू?" आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. उत्तर यायला वेळ लागणार होता. मला कुठे जायचं नव्हतं.